मीठ, रंग आणि नाला : सोलापुरातल्या प्रदूषण-प्रतिबंधाची पार्श्वभूमी

शंभर किलो सूत गडद लाल करायचे तर जुन्या पद्धतीच्या हौदात दोन हजार लिटर पाणी लागते. किलोला वीस लिटर. रिॲक्टिव्ह रंग सुतात शिरावा म्हणून लिटरमागे साधारण ६० ग्रॅम मीठ टाकतात, म्हणजे एका घाण्याला १२० किलो. रंग सुतावर बसतो, मीठ बसत नाही. ते सगळेच्या सगळे पाण्यासोबत बाहेर जाते. उकळणे, ब्लीच, रंग, गार पाणी, साबण, पुन्हा गार पाणी अशी सहा पाणी धरली तर १२ हजार लिटर सांडपाण्यात हे १२० किलो मीठ विरघळलेले असते: लिटरमागे दहा ग्रॅम. कापड उद्योगासाठी २०१६ साली केंद्राने ठरवलेली विरघळलेल्या क्षारांची (टीडीएसची) मर्यादा आहे लिटरमागे २,१०० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम. सोलापुरात महापालिका, औद्योगिक महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि रंगाईवाले यांना एका टेबलाशी का बसावे लागते, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

इथली जुनी मिल १८७७ सालची. गिरण्यांच्या आजूबाजूला, विशेषतः पूर्व भागात, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी आधी हातमाग आणि मग यंत्रमाग उभे केले. चादर आणि टॉवेल दोन्ही रंगीत सुतातून विणले जातात, त्यामुळे रंगाई हा या धंद्याचा सुटा भाग कधीच नव्हता. घर, माग आणि रंगाचा हौद एकाच पेठेत. अक्कलकोट रोडची औद्योगिक वसाहत झाल्यावर बरेच कारखाने तिकडे गेले, सगळे नाही. म्हणून आजही एका रंगखान्याचे पाणी महामंडळाच्या हद्दीत पडते, तर दुसऱ्याचे महापालिकेच्या गटारात. पुढे ओढ्यात दोन्ही एकच होतात.

पावसाची बाजूही लक्षात घ्यायला हवी. हा अवर्षणप्रवण टापू आहे, उन्हाळ्यात ओढ्यांना स्वतःचे पाणी नसते. कोकणात नदी पातळ करून टाकते ती घाण इथे जशीच्या तशी वाहते आणि खालच्या गावातला शेतकरी तेच पाणी मोटारीने उचलतो. काळ्या भारी जमिनीत सोडियम साचला की माती चिकण होते, पाणी मुरत नाही, रान चोपण होते. चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम, निचरा आणि कित्येक हंगाम लागतात.

कायद्याची चौकट तशी जुनी. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले. केंद्राचा कायदा १९७४ चा. मे १९६४ मध्ये नगरपालिकेची महापालिका झालेल्या सोलापुरात मात्र कामाची वाटणी अशी पडली की संमतीपत्र मंडळाने द्यायचे, व्यवसाय परवाना आणि गटार महापालिकेने पाहायचे, भूखंड आणि पाणी महामंडळाने द्यायचे. प्रत्येकाकडे एकेक चावी. कुलूप मात्र तिन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरण-संरक्षण नागरी संस्थांच्या विषयांच्या यादीत आणले, तरी उद्योगाचे सांडपाणी हे ‘मंडळाचे काम’ मानायची सवय सुटली नाही.

छोट्या कारखान्यांना स्वतंत्र शुद्धीकरण परवडत नाही, हे १९९१ मध्ये केंद्राने मान्य केले आणि सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची योजना आली: २५ टक्के केंद्र, २५ टक्के राज्य, ३० टक्के कर्ज, २० टक्के उद्योजक. २०१२ मध्ये केंद्राचा वाटा ५० टक्क्यांवर नेला. पैशाचा प्रश्न काहीसा हलका झाला, मिठाचा नाही. चुना, हिराकस किंवा तुरटी घालून गाळ बसवला की रंग उतरतो. जिवाणूंच्या टाकीत सेंद्रिय भार कमी होतो. विरघळलेले मीठ दोन्हीतून जसेच्या तसे निघून जाते. ते काढायला आरओ आणि त्यानंतर बाष्पीभवन लागते आणि तिथे खर्चाचा आकडा छोट्या रंगाईवाल्याच्या आवाक्याबाहेर जातो.

प्रतिबंधाचा खरा धडा या धंद्याला बाजाराने दिला. जर्मनीने १९९४ मध्ये कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी जाहीर केली. भारतात १९९३ मध्ये बेंझिडीनवर आधारित ४२ रंग बंद झाले होते, मार्च १९९७ मध्ये आणखी ७० ॲझो रंगांवर बंदी आली. नॅप्थॉलच्या रंगाईत (दोन रसायने सुतावरच जोडून ॲझो रंग तयार करायची पद्धत) सर्रास वापरले जाणारे फास्ट ब्लू बी आणि फास्ट गार्नेट जीबीसी हे बेस याच घातक अमाइनांचे. निर्यातीचा टॉवेल परत येऊ नये म्हणून कृतीच बदलावी लागली. नाल्याच्या टोकाशी यंत्र न बसवता, रंगाच्या डब्यापाशीच विष थांबले. १९९९ पासूनच्या तंत्रज्ञान उन्नयन निधीतून व्याजसवलत मिळू लागली आणि बंद कॅबिनेट, म्हणजे पेटीसारखे रंगाईचे यंत्र, घेणे शक्य झाले. कॅबिनेटमध्ये किलोला आठ लिटर पाणी पुरते: शंभर किलोला ८०० लिटर आणि मीठ ४८ किलो. १२० चे ४८! कुठल्याही शुद्धीकरण केंद्राने एवढे मीठ इतक्या स्वस्तात काढलेले नाही.

इथे एक पेच आहे आणि तो दोन्ही बाजूंनी बसूनच सुटेल. साध्या मिठातला क्लोराइड स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडतो, म्हणून कॅबिनेटवाले ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, पसंत करतात. पण गटारात हवा न मिळाल्यास जिवाणू सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड करतात, तो पाइपाच्या वरच्या ओल्या भागावर गंधकाम्ल बनतो आणि सिमेंटचा पाइप आतून पिठासारखा झडतो. रंगाईवाल्याचे यंत्र वाचवणारे मीठ महापालिकेचा पाइप खाते. कुठले मीठ किती वापरले जाते, हे गटार विभागाला ठाऊक असायला हवे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समिती प्रकरणात उद्योग आणि नागरी संस्था या दोन्ही बाजूंना एकत्र बांधले. प्राथमिक प्रक्रिया नसेल तर कारखाना चालू ठेवता येणार नाही; सामुदायिक केंद्रे तीन वर्षांत; आणि नागरी संस्थांना निधी नसल्याची सबब चालणार नाही, वापरणाऱ्यांकडून वसुलीचे निकष ठरवावेत. त्याच्या आदल्या वर्षी वीजदर धोरणाने सांगितले होते की ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे. फताटेवाडीचे १,३२० मेगावॅटचे केंद्र या अंतरात बसते, तर देगावच्या मलनिस्सारण केंद्राची क्षमता दिवसाला ७५ दशलक्ष लिटर आहे. शीतकरणात पाणी पुन्हा पुन्हा फिरते, दर फेरीला वाफ जाते आणि क्षार मागे राहून दाटतात. गटारात मीठ जितके जास्त, तितक्या कमी फेऱ्या, तितके उजनी धरणाचे ताजे पाणी जास्त.

म्हणून पहिली पायरी रंगखान्याच्या मोरीतच घ्यावी लागते: रंगाचे पहिले खारे पाणी वेगळ्या नळाने वेगळ्या टाकीत, धुण्याची पाणी वेगळी. एकदा मिसळले की २ हजार लिटरचा प्रश्न १२ हजारांचा होतो. हे खारे पाणी सोलापूरच्या उन्हात आटवता येते. चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर उडतात असे धरले तर रोजच्या दोन हजार लिटरला ४०० चौरस मीटर लागतात. कॅबिनेटच्या ८०० लिटरला १६०. खारे जसे दाटते तशी वाफ मंदावते, पावसाळ्यात काम जवळपास थांबते, म्हणून चार महिन्यांच्या साठ्याची किंवा झाकणाची सोय आधीच हवी. तळाला अस्तर नसेल तर तेच मीठ शेजारच्या विहिरीत उतरते. साखर पेठेतल्या बोळात ४०० चौरस मीटर मिळणार नाहीत. ती जागा महामंडळाने वसाहतीत राखायची, पेठेतून तिथवर टँकरची फेरी महापालिकेने लावायची आणि प्रत्येक टँकरचा टीडीएस नोंदवून त्याप्रमाणे दर रंगाईवाल्याने भरायचा.