पपई-केळीचा फळपीक विमा: अर्ज, कागदपत्रे आणि दावा अडकण्याची ठिकाणे

महाराष्ट्रातल्या हवामान आधारित फळपीक विम्यात पपई फक्त आंबिया बहारात (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहारात) येते. केळी, आंबा, काजू, द्राक्ष याच यादीत आहेत. पण पीक यादीत आहे म्हणून आपल्या गावाला लाभ मिळेलच असे नाही. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, त्या फळपिकाचे उत्पादनक्षम क्षेत्र किमान २० हेक्टर असेल, तरच मंडळ अधिसूचित होते, म्हणजे योजनेत घेतले जाते. म्हणून सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) आधी मंडळाचे नाव तपासा.

कोकणात किमान १० गुंठे, इतरत्र २० गुंठे बाग हवी. एका शेतकऱ्याला कमाल ४ हेक्टरपर्यंत विमा काढता येतो. आंबा-काजूची झाडे किमान ५ वर्षांची असावी लागतात. बाग भाडेपट्ट्याने कसणाऱ्यालाही अर्ज करता येतो, मात्र करार नोंदणीकृत हवा. साध्या स्टॅम्पवर लिहून घेतलेला चालत नाही.

कागद थोडेच लागतात: आधार, शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आधार जोडलेल्या खात्याचे पासबुक, स्वयंघोषणापत्र आणि अक्षांश-रेखांशासह बागेचा फोटो. खरी अडचण ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याची. पपई लावली तरी सातबाऱ्यावर आधीचा कापूसच राहिला असेल, तर पडताळणीत बाग सापडत नाही आणि अर्ज बाद होतो. त्यामुळे आधी पाहणी नोंदवा, मग विमा काढा.

पीक विमा पोर्टलवर स्वतः किंवा सीएससी (सामूहिक सेवा) केंद्रातून अर्ज भरता येतो. कर्जदार शेतकऱ्याने बँकेतून भरला तरी चालते. कर्जदाराला योजना ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीच्या किमान ७ दिवस आधी बँकेला तसे लेखी द्यावे, नाहीतर हप्ता खात्यातून कापला जातो. पपई आणि केळीची मुदत साधारण ३१ ऑक्टोबरला संपते. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल मंद चालते, तेव्हा तोपर्यंत थांबू नका. शेतकऱ्याचा हप्ता विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के असतो. विम्याचा एकूण दर ३५ टक्क्यांवर गेलेल्या जिल्ह्यांत तो वाढतो. पावतीवर गट क्रमांक, क्षेत्र आणि पीक जागेवरच वाचून घ्या.

भरपाईबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ही भरपाई शेतातले नुकसान पाहून ठरत नाही. मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ठरलेल्या कालावधीत पाऊस, तापमान, वारा यांचे जे आकडे नोंदवले, ते निकषात बसले की रक्कम खात्यात येते. त्यासाठी दावा करावा लागत नाही आणि पंचनामाही होत नाही. तुमच्या शिवारात वादळाने झाडे आडवी झाली आणि केंद्रावर वारा निकषाखाली राहिला, तर काहीच मिळत नाही. पपईवरचा मोझॅकसारखा विषाणूजन्य रोगही यात बसत नाही.

गारपीट मात्र वेगळी. त्यासाठी अर्ज करतानाच जादा हप्ता भरून गारपिटीचे संरक्षण घ्यावे लागते. गारा पडल्यावर ७२ तासांत विमा कंपनीला किंवा कृषी विभागाला कळवून तक्रार क्रमांक घ्या, आणि पाहणी होईपर्यंत फुटकी फळे बागेतच राहू द्या.