पुण्याच्या पेठांमधला खासगी हेरिटेज वॉक

खासगी हेरिटेज वॉक म्हणजे एक गाइड फक्त तुमच्याच माणसांना, मग दोघं असाल नाहीतर घरचे सहा असाल, जुन्या शहराचा एखादा भाग पायी फिरवून दाखवतो तो प्रकार. बसमधून पुणे दर्शन करतात तसं हे नसतं आणि रविवारी सकाळी तीस-चाळीस अनोळखी लोक एका माइकमागे चालतात तसंही नसतं. इथे वेळ तुम्ही ठरवता, कुठे किती थांबायचं तेही तुम्हीच ठरवता, आणि आजी दमल्या तर अख्खा वॉक पाराशी बसून राहतो. पुण्यात हा साधारण अडीच-तीन तासांचा असतो, अंतर म्हणाल तर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे चालणं कमी आणि उभं राहणं जास्त, त्यामुळे पाय नाही तर कंबर दुखते.

आता प्रश्न असा की पुण्यासाठी गाइड कशाला, मोबाइलवर सगळं वाचता येतंच की. येतं. पण जयपूरला किंवा दिल्लीला किल्ला समोर उभा असतो, गाइड नसला तरी डोळ्यांना काहीतरी मिळतं. पुण्यात तसं नाहीये. इथलं बरंचसं जळालंय, पडलंय, पाडलंय किंवा नव्याने बांधलंय, आणि जे उरलंय ते फ्लेक्सच्या मागे आणि स्कूटरच्या रांगेपलीकडे. इथे गाइडचं काम दिसतं ते दाखवण्याचं कमी आणि जे आता दिसत नाही ते कुठे होतं हे सांगण्याचं जास्त.

याचं पहिलं उदाहरण वॉक जिथून सुरू होतो तिथेच, शनिवारवाड्यावर. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला, तोही शनिवारच, वास्तुशांत झाली, आणि खर्च आला १६,११० रुपये. मग पुढच्या पेशव्यांनी आत महाल, चौक, कारंजी वाढवत नेली. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये मोठी आग लागून कित्येक दिवस वाडा जळत राहिला. उरला तो तट, बुरूज, पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आणि आत हिरवळीत दगडी जोती. पहिल्यांदा येणारा माणूस आत शिरून दोन मिनिटांत विचारतो, वाडा कुठाय? चांगला गाइड अशा वेळी त्याला जोत्यावर उभं करतो आणि सांगतो की इथे खांब होता, हा चौक, इथून जिना वर जायचा, आणि मग त्या रिकाम्या जागेत मजले चढायला लागतात.

दिल्ली दरवाजापाशी मात्र दाखवायला खरोखर काहीतरी आहे म्हणून तिथे घाई करू देऊ नका. फळीवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, आणि ते माणसाच्या उंचीला नाहीत तर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला, कारण दरवाजा फोडायला हत्ती आणायचे. मोठ्या फळीतच एक छोटी दिंडी आहे, तिच्यातून आत जायचं तर मान वाकवावीच लागते आणि एका वेळी एकच माणूस जातो, म्हणजे वाकलेली मान आधी आत येते आणि पहारेकरी सरळ उभा. हे वाचून कळतं पण स्वतः वाकल्यावर जास्त कळतं.

याच वाड्यात गाइडची परीक्षाही होते. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी, म्हणजे पगारी शिपायांनी, खून केला, तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याच्या काकाला, राघोबादादाला, दोषी धरलं आणि पुढे राघोबाविरुद्ध बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं, हा झाला इतिहास. राघोबाच्या बायकोने, आनंदीबाईने, गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही ‘ध चा मा’ झाल्याची गोष्ट, आणि पौर्णिमेच्या रात्री ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं हा झाला मसाला. या तिन्ही गोष्टी एकाच सुरात सांगणारा गाइड मिळाला तर समजा पैसे गेले. मला एकदा असाच एक मिळाला होता, तासातली चाळीस मिनिटं त्याने भुतावर घालवली आणि ज्या दरवाजातून नारायणरावाचा देह बाहेर नेला म्हणतात तो नारायण दरवाजा काही दाखवलाच नाही. पाहुणे खूश होते हेही खरं. पण हे घडलेलं, ही आख्यायिका, हे नुसतं ऐकीव, असं वेगळं काढून सांगणारा माणूस मिळाला की त्याच्या पुढच्या गोष्टींवर विश्वास ठेवता येतो.

वाड्यावरून पुढे लाल महाल. शहाजीराजांनी बांधलेला मूळ वाडा, जिथे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानाची बोटं छाटली, तो केव्हाच गेला. आज दिसतो तो महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला. हे न सांगता नुसतं ‘हाच तो लाल महाल’ म्हणणारे बरेच आहेत. तिथून कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत, देऊळ जिजाबाईंनी बांधवलं, आणि उजाड झालेल्या पुण्यात सोन्याचा नांगर फिरवल्याची गोष्ट इथेच कुठेतरी सांगायची असते.

कसबा ही सगळ्यात जुनी वस्ती आणि माझ्या मते वॉकचा खरा जीव इथेच आहे, देवळांत नाही तर आळ्यांत. तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. ठण-ठण-ठण एका लयीत, मध्येच दुसऱ्या घरातून दुसरी लय, आणि बोळात वळलं की उंबऱ्याशी बसलेला माणूस, पुढ्यात लोखंडी खुंटावर उपडा घातलेला हंडा आणि हातात गुळगुळीत तोंडाचा हातोडा. तो एकाला एक लागून ठोके घालत हंडा फिरवत नेतो, याला मठारकाम म्हणतात. प्रत्येक ठोक्याची छोटी गोल खळी उठते, त्या सगळ्यांवर उजेड वेगवेगळा पडतो आणि भांडं चमचमायला लागतं, पण ते नुसतं शोभेसाठी नाही, ठोकल्याने पत्रा कडक होतो म्हणून भांडं टिकतं. पूर्वी इथे घंगाळं, बंब, कळश्या व्हायच्या, आता शोपीस आणि हॉटेलांसाठीची भांडी जास्त. ग्रुप वॉकमध्ये इथे तीस जण दारात गर्दी करतात आणि कारागीर वैतागतो, चौघं असाल तर तो स्वतःच हातोडा हातात देतो आणि मग कळतं की ठोका सरळ पडणं ही किती अवघड गोष्ट आहे.

पेठांची नावं हा दर वॉकमध्ये निघणारा विषय. वारांच्या पेठा सगळ्यांना माहीत असतात पण त्या आधी दुसऱ्याच नावाच्या होत्या हे बहुतेकांना नवीन असतं. बुधवार पेठ ही औरंगजेबाने १७०३ मध्ये वसवलेली मोहियाबाद, गुरुवार पेठ ही वेताळ पेठ, शुक्रवार म्हणजे विसापूर, रविवार म्हणजे मलकापूर. सदाशिव, नारायण, नाना, रास्ता, घोरपडे ही माणसांची नावं. आणि देवांची नावं तर पुणेकरांनी अशी ठेवलीत की देवानेही मनाला लावून घेऊ नये: जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा, गुपचूप गणपती. पासोड्या विठोबाच्या आसपास पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायचे म्हणून ते नाव. गणेश पेठेतला डुल्या मारुती पानिपतच्या वेळी डुलला असं सांगतात, यावर गाइडने नुसतं हसून पुढे चालायचं असतं.

खासगी वॉकचा खरा फायदा मात्र वाड्यात शिरताना कळतो. शनिवारवाडा तिकीट काढून कुणालाही बघता येतो, पण बोळातला राहता वाडा बघायचा तर आतल्या माणसांची ओळख लागते आणि ती गाइडची असते, वर्षानुवर्षं जपलेली. तो दिंडीची कडी वाजवतो, आतून ‘कोण?’ येतं, नाव सांगितलं की दार उघडतं. आत देवडी, मग एकदम उजेडाचा चौक, मध्ये तुळशीवृंदावन, कडेने ओसरी, डोक्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, आणि भिंतीच्या जाडीतच काढलेला जिना, इतका अंधारा आणि चढा की वर जाताना दोराला धरून जायचं. एखाद्या आजी बाहेर येऊन आधी ‘कुठले तुम्ही?’ विचारतात आणि मग भाडं किती होतं ते सांगतात. तेही ऐकायचं असतं, कारण वाडे का गेले याचं निम्मं उत्तर त्या भाड्यात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरू घर सोडेना, वाटण्यांचे दावे कोर्टात, आणि मग बिल्डर. त्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ज्यात नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. फोटो काढायचा तर आधी विचारा, हे कुणाचं तरी स्वयंपाकघर आहे, म्युझियम नाही.

शिवाजी रोडवर आलं की दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा इथे सुरू केली. वाडा मोडकळीला आलेला, वर्षानुवर्षं कोर्टात अडकलेला, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. समोर दर्शनाची रांग, हार, पेढे, भोंगा, आणि या बाजूला मुलींच्या शिक्षणाची सुरुवात जिथे झाली ती जागा. बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून उभे असतात. गाइड इथे फार बोलला नाही तरी चालतं, नुसतं वळवून उभं केलं तरी पुरतं.

पुढचं सगळं जवळजवळ आहे. नाना फडणवीसांचं बेलबाग, मग तुळशीबाग, जिथे राममंदिराचं काम १७६१ मध्ये सुरू झालं ते १७९५ पर्यंत चाललं आणि आज पिना, क्लिपा, भातुकली घेणाऱ्या कित्येकांना आत राम आहे हेही आठवत नाही. मग विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा, सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब, त्यावर केळफुलाची नक्षी. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा निघाली. आणि शेवटी मंडई. १८८६ ला बांधून झाली तेव्हा गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट, आणि गंमत अशी की या खर्चाला ज्यांनी विरोध केला त्या महात्मा फुल्यांचंच नाव आज तिला आहे, ते आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना दिलं गेलं. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभं राहून वर बघायचं, पण खाली भाजीवाल्या मावशींच्या पाट्या असतात, पाय बघून.

ज्यांच्याकडे अजून एक तास आणि रिक्षाचे पैसे आहेत त्यांनी गाइडला सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती मागून घ्यावा. नागझरीच्या काठी काळ्या दगडातलं अठराव्या शतकातलं देऊळ, भीमजीगिरी गोसाव्याने बांधलेलं, तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला, संस्कृत आणि फारसी शिलालेख, आणि दर्शनी भिंतीवर साखळदंडाने गेंडा बांधणारे टोपीवाले शिपाई. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल असा साखळीत बांधला त्याचं हे चित्र असं काही जण म्हणतात, पटो न पटो, पण पुण्याच्या देवळावर गेंडा आहे हे बघायला जावंच.

व्यवहाराचं थोडं. दर माणशी आहे की ग्रुपचा, तिकिटं त्यात धरली आहेत की वेगळी, आणि भाषा कोणती, हे फोनवरच ठरवून घ्या. पर्यटन खात्याचं लायसन्स असलेले गाइड आहेत आणि लायसन्स नसलेले पण कागदपत्रं चाळणारे इतिहासवेडेही आहेत, दोन्हीकडे चांगले-वाईट निघतात. मध्येच ‘आमच्या ओळखीच्या दुकानात’ नेणाऱ्याचं तिथे कमिशन असतं, नाही म्हटलं तरी कुणी रागवत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत वॉक ठेवू नका, मानाचे पाच गणपती बघायचे असतील तर ती वेगळी मजा, पण वाड्यांची दारं मांडवांमागे जातात. पालखी मुक्कामाला असते तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाशी आणि भवानी पेठेत पालखी विठोबाशी पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा गाइड नको, नुसतं गर्दीबरोबर चाला. एरवी सकाळी सात उत्तम, तांबट कामाला बसायच्या आधी मिसळ होते आणि दुपारी एकच्या आत सगळं आटोपतं, एक ते चार पुण्यात दुकानं बंद, हे तुम्हाला माहीत आहेच.

गाडी आणू नका. सप्टेंबर २०२४ पासून पेठांच्या पोटातून मेट्रो जाते, कसबा पेठेला उतरायचं आणि मंडईला बसायचं. मंडईत पार्किंग शोधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विश्रामबाग बघून होतो.