शेवटी निघेल त्याने मेन स्विच बंद करायचा

गणपतीला मालवणजवळच्या आमच्या सामाईक घरात वीसेक चाकरमानी उतरतात. परतीच्या गाड्या मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्या. कोणी गौरी जेवल्या की कुडाळ स्टेशन गाठतो, कोणी विसर्जनानंतरही रेंगाळतो. मग कुलूप कोणी घालायचं? शेवटी निघेल त्याने.

संगणकाच्या मेमरीतही हाच पेच असतो. एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामने मेमरीत मांडलेली वस्तू, प्रोग्रामचे अनेक भाग वापरतात. त्याची जागा मोकळी कधी करायची? जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली तोडगा मांडला: आपल्याला किती जणांनी धरलंय याचा आकडा वस्तूजवळच ठेवायचा. शून्य झाला की जागा मोकळी. हेच रेफरन्स काउंटिंग.

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये आणलेल्या 'कॉम'मध्ये, म्हणजे प्रोग्रामांचे सुटे भाग एकमेकांशी जोडायच्या पद्धतीत, प्रत्येक ऑब्जेक्टला 'आयअननोन' हा पायाभूत इंटरफेस (ठरलेल्या फंक्शन्सचा संच) सक्तीचा आहे. त्यात फंक्शन्स तीनच. 'ॲडरेफ' म्हणजे मी आलो. 'रिलीज' म्हणजे मी निघालो. (आपण 'येतो' म्हणून निघतो; संगणकाला असा संकोच चालत नाही.) 'क्वेरीइंटरफेस' विचारतं, तुला अमुक काम येतं का? येत असेल तर त्या कामाचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, मिळतो आणि आकडाही आपसूक एकने वाढतो. नवखे हमखास इथे फसतात: या वाढलेल्या एकासाठीही 'रिलीज' करायचं विसरतात.

मोजणी पायातच का घातली? एकाच ऑब्जेक्टला दहाजणांनी धरलेलं असतं, कदाचित वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रामांनी. शेवटचा कोण, हे बाहेर कोणालाच कळत नाही. म्हणून मोडायचा अधिकारही बाहेर कोणाला नाही. जो तो आपल्यापुरतं सांगतो, हिशेब ऑब्जेक्ट ठेवतो.

'रिलीज' विसरलात तर घर रिकामं आणि दिवे चालू. मेमरी अडून राहते. एकदा जास्त केलंत तर आत्या न्हाणीत आणि दाराला बाहेरून कुलूप! प्रोग्राम मग कोसळतो, तोही कित्येकदा भलत्याच ठिकाणी.

खरी गोची मात्र माझ्या दोन काकांची. दोघेही ओटीवर बसून एकमेकांना म्हणतात, "तू निघ, मगे मी निघतंय." दोन ऑब्जेक्ट्सनी एकमेकांना असं धरलं की आकडा शून्यावर येतच नाही. प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी नेहमीच्या वापरातलं पायथॉन मोजणीवरच चालतं, पण अशी चक्रं हुडकायला निराळा सफाईवाला ठेवतं. स्विफ्ट या दुसऱ्या भाषेत ते प्रोग्रामरच्या गळ्यात: दोनपैकी एक दुवा त्याने 'वीक' ठरवायचा, म्हणजे तो मोजणीत धरला जात नाही. शेजारची काकू रोज खळ्यात डोकावते, पण तिला घरच्या माणसांत कोणी मोजत नाही. दाराला कुलूप दिसलं की ती मागे फिरते. स्विफ्टमधल्या वीक पॉइंटरच्या हाती तेव्हा 'निल' येतो, म्हणजे काहीच नाही.