गुडघ्याची गोळी आणि किडनीचे दोन नळ

बीपीची गोळी वाढवली, दुसरी जोडली, तरी वरचा आकडा १५० च्या खाली येईना, असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, गुडघ्यासाठी काय घेता? समोरचा गोंधळतो. "ती तर साधी पेनकिलर आहे हो!"

आता गंमत बघा. एकेका किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातलं जवळपास सगळं परत शोषलं जातं म्हणून आपलं दीड-दोन लिटर लघवीवर भागतं. गाळायला प्रेशर हवं, ते प्रत्येक गाळणीचे दोन नळ, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या, सांभाळतात. आत येणारा नळ प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलंच रसायन मोकळा ठेवतं, बाहेर जाणारा अँजिओटेन्सिन हे हार्मोन आवळून धरतं. पाइपचं टोक अंगठ्याने दाबलं की मागे प्रेशर चढतं ना, तसंच.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या बाहेरचा नळ सैल करतात. डायबेटिसवाल्याला ते हवंच असतं, गाळणीवरचा ताण उतरतो आणि लघवीतून प्रोटीन कमी जातं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंत डॉक्टर सहसा चालवून घेतात. जोडीला लघवीची गोळी असली की अंगातलं पाणीही कमी होतं, तरी आतला नळ मोकळा करून किडनी कसंबसं निभावते. आणि नेमकं तेव्हाच डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन ही गुडघ्याची पेनकिलर येते. प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइमच अडलं, आतला नळ आवळला, बाहेरचा आधीच सैल, गाळायला प्रेशर उरणार कुठून? त्यात जुलाब लागले तर संपलंच. शिवाय पेनकिलर मीठ-पाणी धरून ठेवते म्हणून बीपी वर, मग अजून एक गोळी.



अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीची तऱ्हा वेगळी. तिने पाय सुजतात, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो. हे पाणी अंगात जास्त झालेलं नसतं, केशवाहिन्यांतून तिथल्या तिथे झिरपलेलं असतं, त्यामुळे लघवीच्या गोळीने फारसं हटत नाही. तरी ती गोळी सुरू होते, तिने सांध्यांत साचणारं युरिक अॅसिड वाढतं, एका रात्री पायाचा अंगठा लालबुंद सुजतो, आणि त्यावर घरातली पेनकिलर.