पिकलबॉल दुहेरी आणि बॅडमिंटन दुहेरी: गुण कोणाला, सर्व्हिस कोणाची?

बॅडमिंटनच्या दुहेरीवर हात बसलेली माणसे पिकलबॉलकडे, म्हणजे पॅडल (फळीसारखी रॅकेट) आणि छिद्रांच्या प्लास्टिक चेंडूच्या खेळाकडे, वळली की फटक्यांपेक्षा गुण मोजतानाच जास्त अडतात. इंदूरच्या लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात ज्यांच्या घरी रॅकेट आधीपासून आहे, अशा मराठी मंडळींचा हा गोंधळ तर ठरलेलाच असतो. दोन्ही कोर्टांची बाहेरची मापे 20 बाय 44 फूट अशी एकच असल्यामुळे नियमही तेच असतील असे वाटते, पण तसे नाही.

बॅडमिंटनमध्ये रॅली जो जिंकेल त्याला गुण आणि पुढची सर्व्हिसही त्याचीच. गेम 21 गुणांचा. पिकलबॉलच्या रूढ पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीलाच मिळतो, गेम 11 गुणांचा असून दोनच्या फरकाने जिंकावा लागतो आणि जोडीतील दोघांनाही आळीपाळीने सर्व्हिस मिळते. म्हणून पिकलबॉलमध्ये तीन आकडे पुकारतात: आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि सर्व्हिस करणारा पहिला की दुसरा.

समजा, आपले 3 आणि त्यांचे 5 गुण असताना सर्व्हिस आपल्याकडे आली. बॅडमिंटनमध्ये 3 हा विषम आकडा असल्याने डाव्या कोर्टातला खेळाडू सर्व्हिस करील, आणि रॅली हरताच समोरच्यांचे 6 होऊन सर्व्हिसही त्यांच्याकडे जाईल. पिकलबॉलमध्ये मात्र गुण सम असोत वा विषम, सर्व्हिस आपल्याकडे आल्यावर सुरुवात नेहमी उजव्या कोर्टातला खेळाडूच करतो आणि पुकारा होतो ‘3-5-1’. रॅली जिंकली तर आपण दोघे जागा बदलतो आणि तोच खेळाडू डावीकडून ‘4-5-1’ पुकारून सर्व्हिस करतो. ती रॅली हरली तरी समोरच्यांना गुण नाही. आपला पार्टनर जिथे उभा आहे तिथूनच ‘4-5-2’ म्हणून सर्व्हिस करतो. त्यानेही गमावली की साइड आउट, म्हणजे सर्व्हिस समोरच्या जोडीकडे जाते, आणि समोरचे ‘5-4-1’ने सुरू करतात. सर्व्हिस घेणारी जोडी दोन्ही खेळांत जागा बदलत नाही.

खरा सापळा सम-विषमाचा आहे. बॅडमिंटनमध्ये आकडा सम असेल तर सर्व्हिस उजवीकडूनच होते. पिकलबॉलमध्ये सम आकडा एवढेच सांगतो की गेमच्या सुरुवातीला आपल्या जोडीत ज्याने पहिली सर्व्हिस केली, तो आता उजवीकडे असला पाहिजे; या घडीला सर्व्हिस करणारा तोच असेल असे नाही. त्यामुळे 4 गुणांवर डावीकडून झालेली सर्व्हिस पाहून बॅडमिंटनवाल्यांनी आरडाओरडा करायचे कारण नाही.

गेम ‘0-0-2’ने सुरू होतो, म्हणजे पहिल्या जोडीतल्या एकाच खेळाडूला सर्व्हिस मिळते, याचे नवख्यांना नवल वाटते. परंतु 2006 पूर्वी, 15 गुणांच्या काळात, बॅडमिंटनच्या दुहेरीतही हीच रीत होती: गुण फक्त सर्व्हिसवर, प्रत्येक जोडीला दोन सर्व्हिस आणि गेमच्या आरंभी एकच. साहजिकच, त्या काळात खेळलेल्या काकांना हे हिशेब नातवंडांपेक्षा लवकर उमगतात.

प्रत्यक्ष सर्व्हिस दोन्हीकडे तिरकी आणि खालून करायची असते. बॅडमिंटनच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या आत मारावे लागते. पिकलबॉलमध्ये चेंडू कमरेखाली मारायचा आणि पॅडलचे डोके मनगटाच्या वर जाऊ द्यायचे नाही, मात्र चेंडू हातातून सोडून टप्पा पडल्यावर मारला तर ही बंधने लागू होत नाहीत. शिवाय पिकलबॉलमध्ये सर्व्हिस आणि तिचा परतीचा फटका या दोन्हींचा टप्पा पडू द्यावा लागतो. सर्व्हिस घेणारे आधी नेटजवळ पोहोचतात ते यामुळेच, आणि म्हणूनच येथे सर्व्हिस हे हमखास गुणाचे साधन ठरत नाही.

एकाच कोर्टावर दोन्ही खेळ खेळताना एक रेघ सांभाळावी. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि तिच्यावर पडलेले शटल चालते. पिकलबॉलच्या किचनची, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्याची, रेघ सात फुटांवर असते आणि तिला लागलेली सर्व्हिस फॉल्ट ठरते. अर्ध्या फुटासाठी वेगळी टेप लावलेली बरी, नाहीतर वाद संध्याकाळभर चालतो.