सुडो विम आणि सुडोएडिट: दिसायला सारखे, पण रूट कोण होतं ते बघा

लिनक्समधे ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स ही सिस्टम फाइल साध्या युजरने विम या टेक्स्ट एडिटरमधे उघडली की वाचता येते पण सेव्ह होत नाही, मग बहुतेक जण पुढे सुडो (रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावाने कमांड चालवून देणारी कमांड) लावून परत विम उघडतात आणि काम होऊन जातं. सुडोएडिटनेही तेच काम होतं, स्क्रीनवर विमच दिसतो, त्यामुळे दोन्ही एकच वाटणं साहजिक आहे. पण तसं नाहीये.

सुडो विम म्हणजे आख्खा एडिटरच रूट म्हणून चालतो. तुमची विमआरसी (विमच्या सेटिंग्जची फाइल) वाचली गेली तर त्यातले सगळे प्लगिनपण रूट, आणि नाही वाचली गेली तर सवयीच्या सेटिंग्ज गायब. आतून उद्गारचिन्ह देऊन शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडलं तर तेही रूटचं, आणि तिथल्या तिथे दुसरी कुठलीही सिस्टम फाइल उघडून बदलता येते. म्हणून कोणाला सुडोअर्समधे, म्हणजे सुडोने कोण काय करू शकतो ते ठरवणाऱ्या फाइलमधे, "फक्त ही एक फाइल विमने उघड" अशी परवानगी देणं मला फार धोक्याचं वाटतं, कारण खरं तर त्याला सगळं मशीनच दिलेलं असतं.

सुडोएडिट, म्हणजेच सुडो हायफन ई, आधी फाइलची टेम्पररी कॉपी करतो, ती तुमच्या नावावर असते, आणि एडिटर तुमच्याच अधिकारात तुमच्याच सेटिंग्ज घेऊन चालतो. तुम्ही बाहेर पडलात की काही बदललंय का ते तो बघतो, बदललं असेल तरच मूळ फाइलवर लिहितो. रूटचा संबंध फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या कॉपीपुरता. लिहिताना काही अडलं तर टेम्पररी कॉपी तशीच ठेवतो, मेहनत वाया जात नाही.

यात एक गोष्ट लोकांना नेहमी गोंधळात टाकते, एडिटरमधे सेव्ह केलं तरी मूळ फाइल अजून बदललेली नसते, बाहेर पडल्यावरच बदलते. त्यामुळे सेव्ह करून दुसऱ्या टर्मिनलमधे सर्व्हिस रीस्टार्ट केलीत तर जुनंच कॉन्फिग लागणार. आणि एडिटर म्हणून व्हीएस कोड लावला असेल तर त्याला वेट ऑप्शन द्यायलाच हवा, नाहीतर कमांड लगेच परत येते आणि सुडोएडिटला वाटतं काही बदललंच नाही.

सिम्लिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा शॉर्टकट) असेल तर सुडोएडिट बाय डिफॉल्ट नकार देतो, तेव्हा खऱ्या फाइलचा पाथ द्या. आणि सुडो अपडेटेड ठेवा, कारण कोणता एडिटर वापरायचा ते सांगणाऱ्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे डबल हायफन घालून परवानगी नसलेल्या फाइली उघडता येतील असा बग त्यात होता, तो जानेवारी २०२३ मधे १.९.१२पी२ मधे दुरुस्त झाला.

साध्या विममधे आधीच बरंच टाइप करून बसलात आणि सेव्ह होत नाहीये, तर राइट कमांडमधून बफर (विममधे उघडा असलेला मजकूर) सुडो लावून टी कडे (मिळालेला मजकूर फाइलमधे लिहिणाऱ्या कमांडकडे) पाठवा, तिथेही रूट फक्त टी होतो, विम नाही. फक्त सुडोअर्स फाइलला यातलं काहीच वापरू नका, तिच्यासाठी व्हीसुडो आहे, तो फाइल लॉक करतो आणि सिंटॅक्स तपासूनच लिहितो, कारण तिथे एक चूक झाली तर सुडोच बंद पडू शकतो.