धक्क्याला लागलेल्या बोटीवरील त्यागी ॲनोड

बोटीच्या पाण्याखालील धातूंना गंजण्यापासून वाचवण्यासाठी त्यांच्याशी जोडलेला, स्वतः झिजणारा धातूचा तुकडा म्हणजे त्यागी ॲनोड. तो बहुधा जस्ताचा असतो, म्हणून दर्यावर्दी मंडळी त्याला नुसते ‘झिंक’ म्हणतात, मग तो ॲल्युमिनियमचा असला तरी. झिजणे हेच त्याचे काम आहे. मात्र एरवी वर्षभर पुरणारा ॲनोड धक्क्यावर उभ्या बोटीवर काही आठवड्यांतच संपू लागला, तर तो आपल्या बोटीखेरीज आणखी कशासाठी तरी झिजत आहे, असे समजावे. अशा वेळी मोठा ॲनोड बसवण्याचा मोह होतो; त्याने मूळ दोष झाकला जातो, जात नाही.

या उपायाचा जनक ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा खाऱ्या पाण्यात विरत असे. तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे लहान तुकडे जोडले की ही झीज थांबते, असे डेव्हीने १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. प्रयोग यशस्वी झाला आणि तिथेच फसलाही. तांबे विरायचे थांबले, पण पाण्यात उतरणाऱ्या याच तांब्यामुळे शेवाळ आणि शिंपले तळापासून दूर राहत होते. संरक्षित जहाजे शेवाळाने माखून मंदावली आणि नौदलाने उपाय गुंडाळला. पुढे पोलादी जहाजांच्या काळात तो परत आला.

समुद्राच्या पाण्यात दोन भिन्न धातू वायरने जोडले की बॅटरीचा घट तयार होतो. चांदी-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या (मोजणीसाठी स्थिर मानलेल्या इलेक्ट्रोडच्या) तुलनेत जस्ताचे विभव, म्हणजे विद्युत पातळी, सुमारे उणे १०३० मिलीव्होल्ट, ॲनोडसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे सुमारे उणे ११०० आणि साध्या पोलादाचे उणे ६०० च्या आसपास असते. ब्राँझचे त्याहूनही कमी ऋण. ज्याचे विभव अधिक ऋण, तो धातू विरतो आणि दुसरा वाचतो. किती विरेल हे वाहणाऱ्या प्रवाहावर ठरते. एक किलो जस्तातून सुमारे ७८० ॲम्पिअर-तास मिळतात. म्हणजे केवळ १०० मिलीॲम्पिअर प्रवाह सतत वाहत राहिला, तर अर्ध्या किलोचा ॲनोड साडेपाच महिन्यांत संपतो. ॲल्युमिनियमची क्षमता किलोमागे जस्ताच्या तिपटीहून अधिक असते.

नांगर टाकून उभ्या बोटीत हा घट तिच्या स्वतःच्या धातूंपुरता राहतो. धक्क्यावर चित्र बदलते, ते किनाऱ्यावरून वीज घेतल्यामुळे. केबलमधील अर्थची वायर बोटीच्या अर्थिंगला आणि त्यामार्फत इंजिन, शाफ्ट, प्रॉपेलर यांना धक्क्याच्या अर्थिंगशी जोडते. शेजारच्या बोटींच्या अर्थच्या वायरीही तिथेच पोचतात, कधी धक्क्याचे पोलादी खांबसुद्धा. पाण्याने एक बाजू जोडलेली असतेच, वायरने दुसरी जोडली जाते आणि विजेचे मंडल (सर्किट) पूर्ण होते. शेजाऱ्याने आपले ॲनोड वेळेवर बदलले नसतील, तर त्याच्या प्रॉपेलरचे रक्षण तुमचे जस्त करू लागते. बोटीतला मुख्य स्विच बंद केल्याने यात काही फरक पडत नाही, कारण स्विच अर्थची वायर तोडत नाही. प्लगच काढावा लागतो.

बॅटरी चार्ज झाली की प्लग काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. चार्जिंगपुरते सौर पॅनेल असेल तर केबल लावण्याची वेळच क्वचित येते. वीज सतत हवी असेल, तर अर्थच्या वायरीत गॅल्व्हानिक आयसोलेटर बसवतात. यात एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेल्या डायोडच्या जोड्या असतात. साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा एकदिश (डीसी) दाब त्या अडवतात, आणि धातूंमधील फरक सहसा याहून कमी असतो. बिघाड होऊन मोठा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह आला, तर तो मात्र निर्वेध जाऊ देतात. बोट आणि धक्का यांच्यात दुसरी धातूची वाट शिल्लक असेल, उदाहरणार्थ दुसरी वीजकेबल, टीव्ही केबलचे धातूचे आवरण किंवा लोखंडी शिडी, तर आयसोलेटर असून नसल्यासारखा. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर अधिक खात्रीचा. तो वीज चुंबकीय क्षेत्रातून देतो आणि दोन्हीकडचे अर्थिंग वेगळे राखतो. पण तो जड आणि महाग असतो.

अर्थची वायरच कापून टाकणे हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नये. ॲनोड वाचेल, पण उपकरणात बिघाड झाल्यावर विजेला परतीची वाट पाण्यातून शोधावी लागेल, आणि बोटीजवळ पोहणाऱ्याचा जीव जाऊ शकेल. गोड्या पाण्यात हा धोका अधिक.

ॲनोड लवकर संपण्याचे दुसरे कारण बोटीच्या पोटात असते आणि त्याची झीज कितीतरी वेगवान. आधी सांगितलेल्या दोन धातूंच्या घटात एक व्होल्टही नसतो. बॅटरीचा दाब मात्र १२ व्होल्टचा. बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचची (पाणी चढले की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या स्विचची) धन वायर कायम जिवंत असते. तिचा जोड तळाशी साचलेल्या पाण्यात बुडला की गळती पाण्यातून तळाच्या धातूकडे आणि तिथून समुद्रात जाते. हा भटका प्रवाह केवळ ॲनोडच नाही, तर तळातून आरपार गेलेले ब्राँझचे नळही काही दिवसांत पोखरू शकतो. त्यामुळे असे जोड पाणी पोहोचणार नाही अशा उंचीवर घ्यावेत आणि जलरोधक करावेत.

दोष कुठला हे ओळखायला मल्टिमीटर आणि पाण्यात सोडायचा संदर्भ इलेक्ट्रोड पुरतो. केबल लावलेली असताना बोटीच्या धातूचे विभव मोजावे, मग प्लग काढून पुन्हा पाहावे. आकडा लगेच अधिक ऋण झाला, तर वाट अर्थच्या वायरीची आहे. तसे झाले नाही, तर बॅटरीवरचे एकेक मंडल बंद करत जावे. ज्या क्षणी आकडा हलतो, तिथे गळती. बोट धक्क्यावर नवी आली की आणि शेजारी नवी बोट लागली की ही तपासणी करून घेणे सोयीचे.

ॲनोडच्या धातूची निवड पाण्यावर ठरते. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी. समुद्रात ते झपाट्याने संपते. जस्त खाऱ्या पाण्यात उत्तम, पण गोड्या पाण्यात त्यावर पांढरट कवच चढते आणि काम थंडावते. निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम बरे. जोडलेल्या धातूंवर जस्त आणि ॲल्युमिनियम एकत्र लावू नयेत, कारण ॲल्युमिनियम जस्ताचेही रक्षण करत बसते. उघडा धातू जितका जास्त तितकी प्रवाहाची मागणी जास्त, म्हणून प्रॉपेलर आणि शाफ्टला योग्य रंग दिल्यास ॲनोड अधिक टिकतो. ॲनोडला मात्र कधीही रंग लावू नये. बसवताना खालचा धातू घासून लख्ख करावा; मुळीच न झिजणारा ॲनोड बहुधा नीट जोडलेला नसतो.

गरजेपेक्षा जास्त ॲनोडही अपायकारक ठरतात. संरक्षित धातूपाशी अल्कली तयार होते. ती लाकडी तळाचे तंतू सैल करते आणि ॲल्युमिनियमच्या तळालाच खाऊ लागते. म्हणून धक्क्यावर पाण्यात सोडायचा टांगता ॲनोड मापून वापरावा. त्याची वायर बोटीच्या धातूंना जोडणाऱ्या पट्टीलाच घट्ट लागली पाहिजे आणि निघण्याआधी तो वर ओढून घेतला पाहिजे. कुठलाही ॲनोड निम्मा झिजला की बदलतात.